गुनेलचा शनिवारचा मथळा

आमच्या इमारतीच्या तळघरात कपडे धुवायची सामाईक खोली आहे, आणि स्वीडनमधल्या या लिन्शॉपिंग गावातली माझी निम्मी ओळखपाळख त्या खोलीतली. तिसऱ्या मजल्यावरची गुनेल सेडरहोल्म त्यातलीच. मंगळवारी सात ते दहा तिची वेळ, दहानंतर माझी. मी मात्र वीस मिनिटं आधीच जातो. दुसऱ्याच्या वेळेत तिथे पाऊल टाकणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटात हात घालणं, हे मला कळतं. पण एकोणऐंशीच्या म्हाताऱ्याला कोण बोलणार?

गुनेलचं काम मथळे लिहिण्याचं. वर्तमानपत्रातले नव्हेत. तिची कंपनी कारखान्यांना, इस्पितळांना कामगारांच्या पाळ्या लावायचं सॉफ्टवेअर विकते, आणि त्याच्या जाहिरातीच्या पानावर सगळ्यात वर जी ठळक ओळ असते ती गुनेल लिहायची. बावीस वर्षं. एका ओळीसाठी माणूस नोकरीला ठेवतात हे ऐकून मी आधी पोट धरून हसलो होतो. गावच्या शाळेत आमच्या बाई म्हणायच्या, हिल्डिंग, एक ओळ तरी धड लिही. तिच्यावर पोट भरता येतं हे काही त्यांनी सांगितलं नाही.

त्या मंगळवारी ती बाकावर बसली होती. यंत्र केव्हाच थांबलेलं, कपडे आतच. मी म्हटलं, "गुनेल, ते आपणहून बाहेर येणार नाहीत." ती हसली नाही. मग हळूहळू निघालं सगळं. तिचा साहेब स्टाफान याने सांगितलं होतं की तिचे गेले सहाही मथळे पडले. लोक पान उघडतात आणि लगेच बंद करतात. शुक्रवारी सातवा जायचा होता. तोही पडला तर उन्हाळ्यानंतर मथळे संगणकाकडूनच लिहून घेणार, तिची जागा बंद. सत्तावन्नाव्या वर्षी दुसरीकडे कोण घेणार?

"तू वाईट लिहितेस का?"

"लिहिते तेव्हा बरं असतं," ती म्हणाली. "मग कचेरीतल्या अकरा जणांना दाखवावं लागतं."

तिथली रीतच तशी. मथळा अकराही जणांना पटायला हवा, एकाचीही कुरकुर उरता कामा नये. कॉफी पीत, गोड बोलत जो तो एकेक शब्द काढतो. कंपनीच्या वकीलबाई 'कधीच' काढतात, उद्या कुणी दावा लावेल म्हणून. विक्रीवाला 'सोपं' काढतो, कारण त्याला ते हलक्या मालासारखं वाटतं. शेवटी उरतं, 'मनुष्यबळ नियोजनाचा परिपूर्ण उपाय'. सहाही वेळा थोड्याफार फरकाने हेच उरलं होतं. आणि भांडण कुणाशीच नाही. रागवायलासुद्धा कुणी सापडत नाही, असं ती म्हणाली.

मी एकतीस वर्षं लोण्याच्या कारखान्यात पाळ्या लावल्या. आधी पेन्सिलीने, शेवटची काही वर्षं असल्याच सॉफ्टवेअरवर. तिने विचारलं, ते आल्यावर तुझं काय बदललं? मी तिला कारखान्यातल्या बेंक्टच्या होडीची गोष्ट सांगितली, मग पगारखात्यातल्या आंधळ्या मांजराची. तिने तोच प्रश्न पुन्हा विचारला. तेव्हा मी म्हटलं, "शनिवारी फोन यायचा बंद झाला. आधी दर शनिवारी मी बटाटे सोलायला बसलो की कुणीतरी आजारी पडायचंच, आणि बदली माणूस मी शोधायचा."

तिने पिशवीतून पेन काढलं. मग साबणाच्या खोक्याच्या पाठीवर तिने लिहिलं: 'या शनिवारी तुमचा फोन वाजणार नाही.'

"हे ते अकरा जण खाऊन टाकतील," ती म्हणाली.

"मग वाढू नकोस त्यांना," मी म्हणालो.

आयुष्यात मी पुष्कळ बोललो. त्यातलं हे एक वाक्य मला परत घ्यायचं आहे.

शुक्रवारी तिने कुणालाही न दाखवता ती ओळ पानावर चढवली. सहाही मथळ्यांनी मिळून जितके लोक आणले नव्हते तितके बुधवारपर्यंत आले. एका इस्पितळातल्या मुख्य परिचारिकेने तर फोन करून विचारलं, हे लिहिणारं माणूस आमच्या वॉर्डात होतं का?

गुरुवारी बैठक झाली. कुणी आवाज चढवला नाही. वकीलबाई म्हणाल्या, ओळ चांगली आहे. विक्रीवाला म्हणाला, चांगली आहे. मग कुणीतरी हळूच म्हणालं, पण आम्हाला विचारलं नाही. सगळे कपात बघत बसले. स्टाफानने तिला सांगितलं की मथळा राहील, पण यापुढे तिच्याबरोबर काम कसं करायचं हे कुणालाच कळत नाही.

पुढच्या मंगळवारी तिने हे सांगितलं. तू काय म्हणालीस, एवढंच मी विचारलं.

"मी विचारलं, मला काढायचं हे सगळ्यांना पटलंय का?" ती म्हणाली. "अकराही माना हलल्या. कॉफी गरम होती अजून."

ऑगस्टपासून ती घरी आहे. ओळ अजून त्या पानावर आहे. ती नोकरीसाठी अर्ज लिहिते आणि मला वाचून दाखवते. पहिली ओळ ऐकली की वाटतं, हिला आत्ता बोलावतील. चौदा अर्ज गेले. उत्तर एकाचंही नाही.