उपासाचं मीठ आणि म्हातारा समुद्र

मैत्रिणींनो, आज संकष्टी. साबुदाण्याच्या खिचडीत सैंधव घालत होते, तेवढ्यात माझी कॉलेजातली पुतणी म्हणाली, "काकू, हे पण समुद्राचंच मीठ. जुना समुद्र आटला, मीठ जमिनीखाली राहिलं. तेच खणून काढतात."

मला वाटलं, चिडवतेय. उपासाला समुद्राचं मीठ नको म्हणून तर इतकी वर्षं हे महागाचं आणतेय!

तडक खाली दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "भाभी, पहाड का है, एकदम प्योर." एवढ्या जोरात कोणी खात्री दिली की मला जास्तच संशय येतो.

जिना चढताना आठवलं, शाळेत भूगोलात मीच पाठ केलं होतं की हिमालयाच्या जागी आधी समुद्र होता. म्हणजे पोरगी खरं बोलत होती. मग माझे इतके उपास मोडले की काय?

सासूबाईंना विचारलं. त्यांचं अर्धं आयुष्य इथल्या मिठागरात गेलेलं. खिचडी खाता खाता म्हणाल्या, "एवढा म्हातारा समुद्र बाप्पाला चालतो गो!"

जीव भांड्यात पडला. पण हे उत्तर त्यांनी आत्ताच रचलं असावं, असा मला दाट संशय आहे. तुमच्याकडे उपासाला कुठलं मीठ घालता?