मिश्री सोडलेली माय

आमच्या गल्लीत मिश्री भाजायची तर मीच, असं माझ्या सातवी-आठवीच्या सुमारास ठरून गेलं होतं. पेडगावात घरोघरी बाया तंबाखू तव्यावर काळा होईपर्यंत भाजायच्या, कुटून डबीत भरायच्या आणि सकाळ-संध्याकाळ बोटानं दातांना लावायच्या. अजूनही लावतात. भाजणं कमी झालं तर मिश्री घशाला लागते, जास्त झालं तर नुसती राख उरते. माझा हात त्यात बरोबर बसला होता. मी तोंडाला ओढणी बांधून चुलीपुढं बसले की घरातली माणसं खोकत-शिंकत अंगणात पळायची. शेजारची काकू तंबाखूची पुडी घेऊन यायची आणि म्हणायची, "पोरी, माजा बी एवढा भाजून दे. तुज्यावाणी कुणाला जमत न्हाई." मला त्याचा केवढा अभिमान होता! आता लोकांच्या दातांवरचा तोच काळा थर मी खरवडून काढते आणि त्याचा मला पगार मिळतो.

बारावी सायन्सला मार्क बेताचे पडले. डॉक्टरकीचा प्रश्नच नव्हता, नर्सिंगलाही नंबर लागला नाही. मग एका दंत महाविद्यालयात डेंटल हायजिनिस्टचा दोन वर्षांचा कोर्स सापडला. तो काय असतो हे घरी सांगताना पंचाईत झाली. वडिलांनी विचारलं, "मंजी दात काढायचे का?" म्हटलं, न्हाई. "बसवायचे?" तेही न्हाई. "मंग?" म्हटलं, साफ करायचे. त्यांनी बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, "त्याला दोन वर्षं लागतेत?"

लागतात. पहिले काही महिने आम्हाला माणसाच्या तोंडाला हातच लावू दिला नाही. नकली जबड्यावर सराव, मग एकमेकींच्या दातांवर. अनामिका शेजारच्या दातावर टेकवून ठेवायची, म्हणजे हात घसरला तरी हत्यार हिरडीत घुसत नाही. हे मोडलं की शिकवणाऱ्या बाई हातावर फटका मारायच्या. हत्याराला दगडावर धार लावायला मी सगळ्यांत आधी शिकले, कारण विळ्याला धार लावायची घरी सवय होती. बोथट हत्यारानं कीटण निघत नाही, उलट ते घासून गुळगुळीत होतं. वरून दात चांगला दिसतो आणि घाण खाली तशीच राहते. आणखी एक गोष्ट आमच्याकडून घोकून घेतली होती: तोंडात काही वेगळं दिसलं तर आपण डॉक्टरांना हाक मारायची, रोगाचं नाव आपण घ्यायचं नाही.

कोर्स संपल्यावर परभणीतल्या एका दवाखान्यात लागले. तिथल्या डॉक्टर म्हणजे आमच्या मॅडम, बोलायला कमी आणि कामाला कडक. मी सकाळच्या बसनं जायचे आणि संध्याकाळी परत यायचे. पेशंट मला डॉक्टरीन म्हणायचे. मी डॉक्टर नाही म्हटलं की नर्स म्हणायचे. नर्सही नाही म्हटलं की संशयानं बघायचे. गंगाखेडकडच्या एका आजोबांनी शेवटी "दात धुणारी बाई" असा निकाल लावला आणि मी वाद घालणं सोडून दिलं.

मॅडम महिन्यातून एकदा खेड्यात शिबिर घ्यायच्या. बायांपुढं मिश्रीबद्दल बोलायचं काम माझ्याकडं होतं. माझं पहिलं शिबिर झरीत, शाळेच्या व्हरांड्यात झालं. मी जबड्याचा नमुना हातात धरून हिरड्यांबद्दल, कॅन्सरबद्दल तावातावानं सांगत होते आणि बाया तोंडाला पदर लावून शांतपणे ऐकत होत्या. पुढं बसलेल्या एका म्हातारीनं विचारलं, "बाई, तुमच्या घरात कुणी लावत न्हाई का?"

माझी माय लग्नाच्या आधीपासून मिश्री लावत होती. त्या दिवशी सकाळीही लावून बसली होती.

"लावायची," मी म्हणाले. "पण माझ्या मायनं सोडली."

एवढं बोलल्याबरोबर बायांनी माना वर केल्या. कशी सोडली? किती दिवस लागले? डोकं दुखलं का? पोट साफ व्हायचं का? मी उत्तरं देत गेले. आधी संध्याकाळची सोडली, मग सकाळची. तलफ आली की बडीशेप चघळायची. सगळं माझ्या मनचं. त्या दिवशी कितीतरी बायांनी दात दाखवले, आणि येताना मॅडम म्हणाल्या, "आईचं उदाहरण छान होतं. सगळीकडे सांगत जा." मी मान हलवली.

मग मी ते सगळीकडे सांगत गेले. झरीतही पुन्हा दोनदा जाणं झालं. प्रत्येक गावात माय जास्त हुशार होत गेली. पहिल्या खेपेला तिला मिश्री सोडायला तीन महिने लागले होते, वर्षभरात मी ते एका महिन्यावर आणले. पुढं पुढं बाया शिबिरात येऊन सांगायच्या, "मी बी सोडली बाई, तुमच्या मायवाणी." मी त्यांची नावं वहीत लिहून घ्यायचे आणि मॅडमना दाखवायचे.

घरी मात्र रोजची कटकट. मी ओरडायचे, डबी लपवायचे, ती नवी भरायची. एकदा मी फार बोलले तेव्हा ती म्हणाली, "तूच भाजून द्यायचीस की." आणि मग एके दिवशी चुलीजवळच्या कोनाड्यातली डबी दिसेनाशी झाली. चार दिवस गेले, आठ गेले, माय अंगणात बोट तोंडात घालून बसलेली दिसली नाही. विचारलं तर म्हणाली, "सोडली." मला आनंद झाला. खरं सांगायचं तर आनंदापेक्षा सुटल्यासारखं वाटलं. माझं खोटं आपोआप खरं झालं होतं.

त्यानंतर मायनं ठेचा खाणं बंद केलं. भाकरी दुधात कुस्करून खायला लागली. मला वाटलं, वय झालं. दवाखान्यात खुर्चीवर बसणाऱ्या प्रत्येकाला मी विचारते, तिखट झोंबतं का, तोंड पूर्ण उघडतं का. घरच्या ताटाकडं बघून एकदाही विचारावंसं वाटलं नाही.

एका सुट्टीच्या दिवशी वैरण टाकायला गोठ्यात गेले तर म्हशीच्या आड माय बसलेली. उजव्या हाताचं बोट तोंडात. मला बघून तिनं हात पदरात घेतला. मी तो ओढून बाहेर काढला. बोटाचं टोक काळं होतं.

"आ कर," मी म्हणाले.

"न्हाई."

"माय, आ कर म्हणते ना!"

"तुला न्हाई दाखवायचं."

मी भडकले. तोंडाला येईल ते बोलले. ती ऐकून घेत राहिली आणि मग म्हणाली, "काकूची लेक झरीला दिलेली हाय, ठावं हाय ना? तिनं सांगितलं, तुजी लेक भर गावात सांगायली, माज्या मायनं सोडली म्हणून. काकू मला म्हणली, लय चांगलं केलंस बाई. मी काय म्हणू तिला? न्हाई सोडली म्हणू? बाया हसल्या असत्या तुला. तुजं कोण ऐकलं असतं मंग?"

"म्हणून इथं येऊन लावायलीस?"

"मंग कुठं लावू?" ती म्हणाली. मग हळूच म्हणाली, "व्हटाला आतून झोंबायलंय. लय दिवस झाले. तुला दाखवलं असतं तर कळलं असतं ना, मी लावायले म्हणून."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती मला घाबरून लपवत नव्हती, मी तोंडघशी पडू नये म्हणून लपवत होती.

तिला अंगणात उन्हात बसवलं. साबणानं हात धुऊन तिचा खालचा ओठ बाहेर ओढला. आतल्या बाजूला, जिथं मिश्रीचं बोट फिरतं तिथंच, हरभऱ्याच्या डाळीएवढा पांढरा चट्टा होता. कडेला लाल. स्वच्छ ओल्या कापडानं पुसून बघितला. दुधाची साय असती तर निघाली असती. तो निघाला नाही. अनामिका कुठं टेकवायची तेच मला आठवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिला बसनं परभणीला नेलं. रस्ताभर ती खिडकीबाहेर बघत होती. दवाखान्यात मॅडमनी तिला खुर्चीवर घेतलं, दिवा तोंडावर आणला आणि विचारलं, "आई, मिश्री सोडून किती दिवस झाले?"

मायनं माझ्याकडं बघितलं. तिला काय सांगायचं होतं ते मला दिसत होतं. मी सांगितलेलाच हिशेब ती सांगणार होती आणि मॅडम त्यावर विश्वास ठेवणार होत्या.

"वरीस झालं असंल," माय म्हणाली.

"नाही मॅडम," मी म्हणाले. "तिनं सोडलेली नाही. कधीच सोडली नव्हती. मी शिबिरात खोटं सांगत होते."

मॅडम हातमोजे घालत मायला म्हणाल्या, "बरं. दिवसातून किती वेळा लावता?" माझ्याकडं त्यांनी बघितलं नाही. दिवसभर बघितलं नाही.

चट्ट्याचा तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट येईपर्यंत मी रोज कामावर गेले, रोज दुसऱ्यांची तोंडं साफ केली. रात्री माय शांत झोपायची आणि मी जागी असायचे. रिपोर्ट आला. कॅन्सर नव्हता, पण त्याच्या वाटेला लागलेला होता. उरलेला चट्टा काढून टाकला. दर तीन महिन्यांनी तपासायला यायचं, आणि मिश्री बंद. मॅडमनी एवढंच सांगितलं. संध्याकाळी मी निघताना म्हणाल्या, "पुढचं शिबिर झरीला आहे. तूच बोलणार आहेस."

मिश्री सुटली का, तर सकाळची सुटली आहे. संध्याकाळची अजून नाही. डबी कोनाड्यात परत आली, कारण आमचं तसं ठरलं: लावायची तर माझ्यासमोर लावायची. मी बघते आणि दात-ओठ खाते. पण बघते.

झरीला जायच्या दिवशी माय लुगडं नेसून तयार होऊन बसली होती. म्हटलं, तू कुठं? म्हणाली, "येते मी. तू एकटी सांगशील तर बाया तुला खातील."

तोच व्हरांडा, त्याच बाया. त्याच म्हातारीनं विचारलं, "बाई, माय कशी हाय तुमची? ती मिसरी सोडलेली?" मी सांगून टाकलं. एक बाई उठली, "शिकल्यासवरल्याल्या बाया अशा, मंग आमी कुणाचं ऐकावं?" म्हणाली आणि निघून गेली. तिचं काही चुकलं नाही. मग माय पुढं आली, बायांमध्ये सतरंजीवर बसली आणि स्वतःच्याच काळ्या बोटानं ओठ खाली ओढून एकेकीला दाखवत गेली. टाके पडलेली जागा अजून लाल होती.

मग मागून एक बाई आली. तिला मी ओळखलं. "तुमच्या मायवाणी सोडली" म्हणणाऱ्यांत ती होती, तिचं नाव माझ्या वहीत होतं. ती पदर तोंडावर धरून माझ्यापुढं बसली.

"म्या बी न्हाई सोडली," ती म्हणाली. "तुमी लिहून घेतलं, मंग मला तुमच्याकडं यायची लाज वाटली."

"कर आ," माय तिच्याशेजारी सरकत म्हणाली. "ही रागवली तर मला सांग."

तिनं पदर खाली घेतला. मी हातमोजे घातले, अनामिका शेजारच्या दातावर टेकवली आणि आरशानं गाल बाजूला केला. पांढरं दिसलं ते गॉजच्या कापडानं एकदा पुसलं. पुन्हा एकदा पुसलं. मग मॅडमना हाक मारली.