पूर्वेकडची गॅलरी

मौला मुलाणींनी तालुक्याच्या स्टेडियमवर तीस वर्षं निवेदन केलं. कुस्त्यांची मैदानं, कबड्डीचे सामने, सैन्यभरतीच्या रांगा, पुढाऱ्यांच्या सभा. महापुरात लोक म्हशींसकट गॅलऱ्यांत राहिले, तेव्हा जेवणाच्या पाळ्याही त्यांनीच पुकारल्या. कुठल्या साली कुणी कुणाला घिस्सा डावावर चीत केलं, सगळं तोंडपाठ.

स्टेडियमला पन्नास वर्षं झाली, तसे समितीचे सचिव लालासाहेब घरी आले. "मौलाभाई, इतिहास तुमीच सांगा. सोहळ्यात वाचून दावतो."

मौला तीन दुपारी सांगत बसले. पूर्वेकडच्या गॅलरीपाशी थांबले. ती बांधताना तरणे मौला तिथं स्लॅबला पाणी मारायला होते. मंत्र्यांच्या दौऱ्याआधी काम उरकायचं म्हणून कंत्राटदारानं स्लॅबखालचे टेकू वेळेआधी काढायला लावले. ओला स्लॅब कोसळला. जत भागातून मजुरीला आलेला कोंडीबा खाली सापडला. दारू पिऊन वरनं पडला, असं कागदोपत्री लागलं. कोंडीबा दारूला शिवतही नसे.

"एवढं लिवा," मौला म्हणाले.

"येईल की. नावासकट येईल."

त्या शब्दावर मौलांनी कोंडीबाच्या बायकोला, भामाबाईला, फोन केला. दोन एस्ट्या बदलून म्हातारी आली. ठेवणीतलं लुगडं नेसली होती.

वाचायला पुण्याहून निवेदक आणला होता. वाक्यं मौलांचीच होती. पूर्वेकडची गॅलरी आली, तेव्हा तो म्हणाला, "हे काम कंत्राटदारांनी विक्रमी वेळेत पूर्ण केलं." टाळ्या पडल्या. कंत्राटदाराच्या मुलाला फेटा बांधला गेला.

मौलांना फाटकाजवळचा माइक दिला होता. वाटेत लावलेल्या गाड्यांचे नंबर पुकारायला. त्यांनी एका पांढऱ्या गाडीचा नंबर सांगितला आणि त्याच दमात म्हणाले, "या गॅलरीखाली कोंडीबा मेला. तो प्यायला नव्हता. त्याला..."

माइक बंद पडला. लाइट गेली असेल, असं लोकांना वाटलं. व्यासपीठावरचा माइक मात्र चालूच होता.

मौला भामाबाईला स्टँडवर घेऊन आले. बस लागली. चढता चढता ती म्हणाली, "आवं, कशाला बोलावलंसा मला? घरात बसून निदान वाटत तरी हुतं, कवातरी कोणतरी बोलंल."

ती खिडकीशी बसली. बस हलली तरी तिनं वळून पाहिलं नाही.

महिन्याभरानं लालासाहेबांचा फोन आला. स्मरणिका छापायची होती, जुन्या विजेत्या मल्लांची यादी हवी होती.

"मला आठवत न्हाई," मौला म्हणाले.

"आवं, असं कसं? तुमाला तर समदं पाठ हाय!"

"व्हतं," म्हणाले, आणि फोन ठेवून दिला.