निंबाखालची हरळी

वरवट बकालच्या पुढच्या एका खेड्यात मी काही वर्षं मास्तरकी केली. शाळेच्या बाजूला दोघांच्या कवेत न मावणारा जुना कडूनिंब होता. वेचणीच्या दिवसांत बाया भल्या सकाळी कपाशीत जायच्या आणि शाळेतली पोरं धाकट्या भावंडांना कडेवर घेऊनच यायची. ही शेंबडी फौज दिवसभर निंबाखाली बसे. खाली मुरूम आणि वर आलेल्या मुळ्या, त्यामुळे रोज कुणाचा तरी गुडघा फुटे. एकदा एका चिमुरडीचं कपाळ मुळीवर आपटून रक्ताची धार लागली, तेव्हा इथे गवत लावायचंच असं मी ठरवलं.

एकदा डोक्यात घेतलं की मी कुणाचं ऐकत नाही. ही खोड बायकोला ठाऊक आहे, गावाला तेव्हा कळली.

त्या चिमुरडीच्या बापानं वावरात टाकायला तलावातला गाळ आणून ठेवला होता. आमच्याकडे गाळावर सगळ्यांचा भारी विश्वास. टाकाल तिथे पीक येणार. पण त्या साली बोंडअळीनं त्याची बीटी कपाशी आतून पोखरली आणि उभ्या पिकात नांगर घालावा लागला. "वावरात टाकून आता काय करू गुरुजी? पोरायच्या खाली टाका," म्हणाला, आणि दोन ट्रॉल्या गाळ स्वतः आणून दिला.

सपाटीला मुळ्या आड येत होत्या. एका रविवारी शाळेत कुणी नसताना मी चार जाड मुळ्या कुऱ्हाडीनं तोडल्या. मोठं काम केल्यासारखा घाम पुसला. मग त्यावर गुडघाभर गाळ पसरला, पार बुंध्याला भिडवून, आणि हरळी लावली. गाव पोट धरून हसलं. जी हरळी खणून काढण्यात कास्तकाराचा जन्म जातो, ती मास्तर हातानं लावून राह्यला म्हणे.

हरळी आधी फोफावली, मग सावलीत विरळ व्हायला लागली. तिला ऊन हवं होतं, मी पाणी दिलं. पिवळी पडली की पाणी, टक्कल दिसलं की पाणी. शाळेच्या बोअरचा पाइप मी बुंध्याशीच सोडून ठेवी. वरच्या फांद्या वाळल्या, तेव्हा झाडालाही तहान लागली असणार म्हणून आणखी अर्धा तास पाणी सोडलं.

तिसऱ्या वर्षाची वेचणी सुरू होती. आदल्या संध्याकाळी मी पाइप बंद करायला विसरलो होतो, म्हणून सकाळी गवतात चिखल झाला होता. धाकट्यांना व्हरांड्यात बसवा असं मोठ्या पोरींना सांगून मी पुढच्या अंगणात प्रार्थनेला उभा राहिलो. वाऱ्याची झुळूकसुद्धा नव्हती. मागून करकर ऐकू आली, जमीन हादरली, आणि वळून पाहतो तो निंब आडवा. रोज जिथे ती पोरं बसत, तिथे खोड पडलं होतं. प्रार्थना थांबली. मी व्हरांड्यात धावलो आणि एकेकाच्या डोक्याला हात लावून मोजायला लागलो. आकडा चुकायचा, पुन्हा पहिल्यापासून मोजायचो. सगळी होती. पोरांसमोर मी ढसाढसा रडलो.

दुपारी आरागिरणीवाले चाचा आले. बुंध्याची साल त्यांनी बोटानं सोलली, ती ओल्या भाकरीसारखी सुटली. मुळ्या काळ्या पडून कुजल्या होत्या, वास येत होता. "दम घुटला त्याचा. गळ्यापर्यंत गाळ भरला," चाचा जमलेल्या लोकांना म्हणाले. माझ्या कुऱ्हाडीनं तोडलेल्या मुळ्यांची थोटकं मला स्वच्छ दिसत होती. ती थोटकं लोकांच्या नजरेआड होतील असा मी पुढे जाऊन उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर कपाळ फुटलेल्या त्या चिमुरडीचा बाप आला. यंदाही त्याची कपाशी अर्धीच हाती लागली होती. आत ये म्हटलं तरी दारातच उभा राहिला, टोपी हातात घेऊन.

"गुरुजी, मीच तो गाळ देल्ला," तो म्हणाला. "माहा हातच खराब हाय. कपाशीले लावला कपाशी गेली, झाडाले लावला झाड गेलं. लेकरं मेली असती माह्यापायी."

मुळ्या मी तोडल्या, गाळ बुंध्यापर्यंत मी भिडवला, पाणी मी सोडलं. सांगायची एवढी तीनच वाक्यं होती. दोन महिन्यांनी माझी बदली ठरली होती, आणि लेकरांच्या आया मला चांगला मास्तर म्हणत होत्या.

"जाऊ द्या," मी म्हणालो. "तुमचा हेतू चांगला होता."

त्यानं वाकून माझ्या पायांना हात लावला आणि मी लावू दिला.