देगेतली माती

गवत-केंद्रातली आम्ही जुनी मंडळी भेटलो की चहा गार होतो, पण किस्से संपत नाहीत. एक उपटला की चार वर येतात!

जळकोटजवळच्या बोडक्या माळावर आमचं सरकारी गवत-संशोधन केंद्र होतं. निजाम जाऊन थोडीच वर्षं झालेली. तपासणीला आलेले मोठे साहेब बूट आपटत वाफ्यांतून फिरले आणि म्हणाले, "इथं कुसळसुद्धा उगवणार नाही! पावसाळा सरल्यावर येतो. माळ असाच दिसला तर केंद्र बंद!" आमच्या सगळ्यांच्या नोकऱ्या आता गवत उगवण्यावर अडकल्या.

✽

केंद्र चालवणारे आमचे पाटणकर साहेब मात्र खुशीत, त्यांना उपाय सुचला होता. मुकादम चाँदभाईंना समजावत होते, "गवताच्या मुळांत बुरशी राहते. तिचे बारीक धागे लांबून मातीतलं नत्र आणून देतात. बदल्यात गवत तिला साखर देतं."

चाँदभाई म्हणाले, "म्हंजे अडत्याच की! फकस्त काटा मारत न्हाय."

✽

साहेबांना प्रयोगात तुलनेसाठी बुरशी मेलेली माती हवी होती. म्हणजे माती उकडायची! चाँदभाईंनी घरची बिर्याणीची देग आणून चुलीवर चढवली. वाफ सुटली तशी रस्त्यावरची माणसं जमली. "कुणाचं लगीन हाय?" एकानं झाकण उचललं आणि आत बघतच राहिला.

चाँदभाई शांतपणे म्हणाले, "बसा की. अजून दम द्यायचा हाय."

✽

उकडलेल्या मातीच्या कुंड्यांत गवत पिवळं पडलं. तसल्याच दुसऱ्या कुंड्यांत गावच्या कुरणातली चिमूटभर माती मिसळली होती, तिथं हिरवंगार! साहेब कुंडी घेऊन अक्षरशः नाचले.

शेजारचे शेतकरी शिवाप्पा कुंडीभोवती दोनदा फिरले. "लई ब्येस! पण भाकरीवर येती ती बुरशी न्हवं ना ही?"

✽

आता माळावर घालायला तसली माती भरपूर हवी, आणि नेमकं कुरण नांगरून टाकलेलं, म्हणजे बुरशीचे धागे तुटलेले! साहेबांचा चेहरा पडला.

दुसऱ्या दिवशी चाँदभाई पाट्या भरून माती घेऊन आले. कबरस्तानाच्या कडेची होती, तिथं कधीच नांगर लागला नव्हता. जमातीच्या वडीलधाऱ्यांना विचारून आणलेली. गवत लावताना आम्ही खड्ड्याखड्ड्यात मूठमूठ घातली.

पावसाळा सरला. मोठे साहेब आले आणि बांधावरच थबकले. माळ हिरवा झाला होता!

"कुठलं खत घातलंत?"

"खत न्हाय, साहेब," चाँदभाई म्हणाले. "माझे अब्बा निजलेत, तिथली माती हाय."

मोठे साहेब बांधावर बसले, बूट सोडून बाजूला ठेवले आणि अनवाणी गवतात शिरले. बरंच आत गेल्यावर तिथूनच ओरडले, "पुढच्या वर्षी पलीकडचा माळपण घ्या!"