हेमांगीच्या दातांची तार

झुलाल माझा सख्खा भाऊ, म्हणून इतकंच बोलते. दुसरा कुणी असता तर शिव्याच घातल्या असत्या.

त्याची लेक हेमांगी, शिंदखेड्याजवळच्या आमच्या गावातली पहिली बी.एस्सी. पोरगी. वरचे दात पुढे, खालच्या दातांशी त्यांची गाठच पडत नाही. भाकरीचा तुकडासुद्धा दाढेखाली धरून तोडायची. लहानपणापासून हे असंच, पण कुणाला काही वाटलं नाही. दोन स्थळं फोटो बघून परत गेली, तेव्हा कुठे झुलालला साक्षात्कार झाला की पोरीला जेवताना त्रास होतो.

धुळ्याच्या डॉक्टरणीने सांगितलं, तार दोन वर्षं ठेवायची, महिन्याला येऊन आवळून घ्यायची, मध्येच काढली तर दात पुन्हा पुढे येतील. वर म्हणाली, बाराव्या वर्षी आणलं असतं तर सोपं गेलं असतं. आता बाराव्या वर्षी कोण नेतं बाई? तेव्हा कुणी बघायला येत नाही.

दर महिन्याला शेतातलं काम सोडून मी तिला एसटीने न्यायची. मी तिची फुई, बापाची बहीण, मला नाही म्हणता येतं का? दहाव्या महिन्यात तिने बसस्टँडवर पेरू पुढच्या दातांनी तोडून खाल्ला. जन्मात पहिल्यांदा. मला तर रडूच आलं.

तेवढ्यात दोंडाईच्याकडचं स्थळ आलं. झुलाल म्हणाला, तोंडात लोखंड घेऊन मुलगी दाखवायची का, लोक म्हणतील पोरीत खोट आहे. डॉक्टरणीने परोपरीने नको म्हणून सांगितलं. याने कागदावर सही ठोकली आणि तार काढूनच पोरीला घरी आणलं. मी खूप भांडले, पण माझं ऐकतो कोण.

रविवारी पाहुणे आले. मुलगा योगेंद्र, पोह्यांची बशी घेताना हसला, आणि त्याच्याच तोंडात लखलखीत तार! आई कौतुकाने सांगत होती, पोरगा मुलाखतींना जातो, चारचौघांत चांगला दिसायला हवा. त्यात खोट कुणालाच दिसली नाही. मुलाची तार ना ती. मला राहवलं नाही, बोललेच, आमच्या पोरीलाही होती शुक्रवारपर्यंत. ती बाई म्हणाली, अहो, मग काढली कशाला, आम्हाला चाललं असतं. झुलाल वर पंख्याकडे बघत बसला.

सुपारी तिथेच फुटली. हेमांगीने सगळ्यांदेखत बापाला विचारलं, माझी तार परत बसवाल ना?

“आते लगीन जमनं,” झुलाल म्हणाला, “आते दातेसनं काय काम शे?”

होणाऱ्या सासूनेही मान डोलावली. पोरगी आहे तशी पसंत आहे म्हणाली, मोठ्या मनाने. मग हेमांगीला जवळ बसवून समजावू लागली, योगेंद्रची तार अजून वर्षभर आहे, आवळून आला की चार दिवस त्याला काही चावत नाही, हिरड्या ठणकतात, तेव्हा त्याला मऊ खिचडी करून देत जा, लक्षात ठेव.

हेमांगी म्हणाली, “माले माहीत शे.”