आग हाय, राग न्हाई

हळद निवडताना बायांचं हात खाली चालत्यात आन तोंड वर. दोनी बी थांबत न्हाईत. सांज झाली की हळदीची रास येगळी, बोलन्याची रास येगळी. हळद पोत्यात भरून जाती, बोलनं कुनी न्हेत न्हाई. माज्याकडं तसलं लय पडलंय, लढाईच्या सालातलं. आता समद्या म्हाताऱ्या झालो. लाजायचं कुनाला?

गाव आमचं कुंडल. धनी पलटनीत गेलं तवा मी आन आत्याबाई, म्हंजी माजी सासू, सांगलीत खोली करून ऱ्हायलो. मी हळदीच्या वखारीत लागले. शेजारी हौसा बसायची. माजं दुखनं फकस्त तिलाच ठावं हुतं. बाईमानसाचं, मांड्यांच्या मधलं. नुसती आग. बसलं की आग, चाललं की आग, लघवीला गेलं की मिरचीचं पानी वतल्यागत. ना फोड, ना जखम. तीन वर्सं असंच.

धनी रजेवर आलं तवा म्या त्यांना जवळ येऊ दिलं न्हाई. का, ते सांगायला जीभ वळली न्हाई. त्यांना वाटलं, हिला आपुन नको झालो. रजा सरायच्या चार दिस आदीच गेलं माघारी. आत्याबाई म्हनाय लागल्या, "पुढच्या रजेला माज्या ल्येकासाठी दुसरी बघनार."

आन मला तर त्यो मानूस पायजे हुता. खुंटीवर त्येचा सदरा हुता, त्यो म्या सा म्हैने धुतलाच न्हाई.

* * *

पयला इलाज वैद्यबुवांचा. म्हातारा देवमानूस, पर पुरुस. "काय हुतंय पोरी?"

"आग हुतीया."

"कुटं?"

आता काय सांगू? म्या म्हटलं, "पोटात."

बुवांनी गुलकंद दिला, मोरावळा दिला, तिखट बंद केलं. सा म्हैने मी घेतलं. बुवांनी इचारलं, "काय फरक?"

म्या म्हटलं, "बुवा, आता दगड खाल्ला तरी पचंल."

बुवा लय खूश. येनाऱ्याजानाऱ्याला माजं पोट दाखवाय लागलं.

* * *

मग हौसा म्हनाली, "हळदीनं समदं बरं हुतंय. लेप लाव."

"अगं, दिसभर हळदीतच तर बसतो."

"ती कोरडी. वली लाव."

लावली. त्या दिशी मी खोलीपास्नं कृष्णेच्या घाटापर्यंत कशी पळाले ते माजं मलाच ठावं. कमरंएवढ्या पान्यात बसले तवा जीवात जीव आला. मग रोज पाटंचं जाऊन बसाय लागले. घाटावरच्या एक म्हाताऱ्या काकू हात जोडून म्हनाल्या, "एवढ्या थंडीत अर्धा अर्धा तास पाण्यात! केवढी भक्ती गं तुझी."

म्या म्हटलं, "काकू, देवानंच बसवलंय."

खोटं न्हवतं त्येच्यात काई.

* * *

पर वखारीत पानी कुटलं? गोनपाटावर बसवंना. म्हनून उभ्यानं निवडाय लागले. मुकादमानं इचारलं, "ए, बसायला काय झालं?"

तोंडातनं निघून गेलं, "नवस हाय. धनी लढाईवरनं सुखरूप येईस्तवर बसायचं न्हाई."

मुकादमानं हात जोडलं. त्येचा भाऊ पन पलटनीत. दुसऱ्या दिशी त्यानं नारळ आनून माज्या म्होरं ठेवला. तिसऱ्या दिशी दोगी बाया, ज्येंचं नवरं लढाईवर, त्या बी उभ्या ऱ्हायल्या. आठवड्यात सात जनी उभ्या. हौसा माज्या कानात म्हनाली, "मेले, आता तरी खरं सांग. माजं गुडघं गेलं. माजा नवरा तर गुळाच्या आडतीत हाय."

"मग तू कशाला उभी ऱ्हायलीस?"

"एकटीच बसले तर बरं दिसतंय व्हय?"

खोटा नवस, पर उभ्या उभ्या रोज धन्याचंच नाव घ्यायचे. उभं ऱ्हायलं की रस्ता दिसतोय ना खिडकीतनं.

* * *

शेवटी हौसानं मला ओढतच दवाखान्यात, डाक्टरीनबाईंकडं न्हेलं. बाईंनी दार लावलं, दिव्याच्या उजेडात नीट बघितलं. आजपर्यंत कुनी बघितलंच न्हवतं.

"काय काय लावलंस?"

म्या मोजलं. हळद, कडुलिंबाचं पानी, तुरटी, कपड्याचा साबन.

बाई म्हनाल्या, "हे सगळं बंद. साधं पाणी, मऊ फडक्यानं हलकं टिपायचं, खोबरेल तेल. कासोटा मारू नकोस, काचतोय. नवऱ्याला, दुखायचं थांबेपर्यंत थांब म्हणायचं. एकदम जाणार नाही, पण कमी होईल."

"बाई, माज्यात काय वाईट हाय का?"

"काहीच नाही," म्हनाल्या. "दुखतंय, एवढंच."

तितं मी रडले. दुखत हुतं तवा न्हवते रडले.

कासोटा सोडून गोल लुगडं नेसून आले तर आत्याबाईंनी कपाळावर हात मारला. "झाली गं बाई मास्तरीन! आता खडू आना हिला."

* * *

खडू न्हाई, पर पेन्सील लागली. धन्याला कळवायचं हुतं. पत्र पोस्टमनच लिवून द्यायचं. त्येंच्या म्होरं मी सांगनार तरी काय? दर पत्रात एकच, "इकडं समदं खुशाल." मग म्या ठरिवलं, आपुनच लिवायचं. वखारीतल्या पोत्यांवर शाईनं नावं मारल्याली असायची. हौसाला ती पाठ हुती, तिला इचारून इचारून वळखाय शिकले. 'आडत' मधला आ. 'गूळ' मधला ग. 'राजापुरी' हळदीतला रा. ऱ्हायल्याली अक्षरं दवाखान्यातल्या नर्सबाईंनी पाटीवर काढून दिली. दोन म्हैने लागले आन पत्र झालं दोन वळींचं:

"मला खाली आग हाय. राग न्हाई.
तुमी या."

धनी पलटनीत वाचायला शिकल्यालं. पर जवाब काई आला न्हाई. रोज पोस्टमन यायचं, आन शेजारनीला पत्र देऊन जायचं.

* * *

जवाब न्हाई, धनीच आलं. वट्यावर ट्रंक ठेवली, पानी पिलं, आन आत्याबाईंनी दुसरीची गोष्ट काढायच्या आत, शेजारी चार मानसं ऐकत असताना म्हनालं, "आये, पलटनीच्या डाक्टरनं मला बायकूपाशी जायला मनाई केलीया. रोग हाय. मला हाय."

आत्याबाईंनी आदी शेजाऱ्यांना वाटंला लावलं. दुसरीची गोष्ट तितंच मेली. असल्याला कोन पोरगी देतंय? उलट माज्या पाठीवरनं हात फिरवाय लागल्या, "पोरी, तुजं नशीब गं." गल्लीतली मानसं धन्याकडं बघून खाकरायची. एवढा हवालदार मानूस, अंगाला काई नसताना मान खाली घालून जायचा.

रोज सकाळी आत्याबाई काडेचिराइताचा काढा करायच्या. वाटीभर, इखासारका कडू. धनी वट्यावर बसून प्यायचं. मी उंबऱ्याच्या आत तांदूळ निवडत. हात लांब केला तर लागंल एवढंच अंतर. पिऊन झालं की माज्याकडं बगून म्हनायचं, "कमी हाय का गं?"

आत्याबाई वरडायच्या, "तिला काय इचारतोस? तुजं तू सांग!"

मी म्हनायचे, "कमी हाय."

रजा सरली. निघताना आत्याबाईंनी काढ्याच्या भुकटीचा गच्च भरल्याला डबा ट्रंकंत घातला. "रोज घ्यायचं. माजी शपथ."

लढाई सरल्यावर धनी कायमचं घरी आलं. ट्रंक म्या उघडली. डबा रिकामा. आतनं धुऊन पुसून लख्ख.

म्या हळूच इचारलं, "वाटंत वतून दिलं न्हवं?"

"न्हाई. रोज घेतलं."

"आवं, पर तितं बगायला कोन हुतं?"

धनी मिशीवरनं हात फिरवत म्हनालं, "व्हय की. कोनच न्हवतं."